चौथं कडवं

जॉन हेन्री न्यूमनच्या 'लीड, काइंडली लाइट' या कवितेत देवाचं नाव एकदाही येत नाही. ख्रिस्ताचं नाही, प्रभूचं नाही, तारणाऱ्याचंही नाही. तीन कडवी आहेत, त्यांत एक उजेड आहे आणि त्या उजेडाला 'तू' म्हणणारा एक माणूस आहे. जगभरच्या चर्चमध्ये आणि आपल्याकडे गांधीजींच्या आश्रमाच्या प्रार्थनेतही जी कविता देवावरच्या भरवशाचं गीत म्हणून गायली गेली, तिच्यात देव हा शब्दच नाही, हे गाताना लक्षात येत नाही. भाषांतर करायला बसलं की लगेच लक्षात येतं, कारण हात आपोआप तो शब्द घालायला जातो. या कवितेत आणि पुढे न्यूमनच्या एका प्रार्थनेत वाचणाऱ्यांनी, गाणाऱ्यांनी आणि भाषांतरकारांनी काय काय घातलं, आणि ते घातल्यामुळे काय गेलं, हे मला इथे बघायचं आहे.

गेलं वर्षभर मी न्यूमनचं निवडक लेखन मराठीत आणते आहे. मी कॅथलिक नाही. बडोद्याच्या मराठी घरात वाढले. घरात पोथी आणि दाराबाहेर गुजराती. तौलनिक साहित्याच्या एम.ए.ला न्यूमन भेटला तो व्हिक्टोरियन गद्याचा नमुना म्हणून, म्हणजे लांब वाक्य न मोडता कसं पेलावं ते शिकण्यासाठी. श्रद्धा हा त्याचा विषय आहे, ही बाब आम्ही सभ्यपणे बाजूला ठेवली होती. भाषांतरात ती बाजूला ठेवता येत नाही. ज्या माणसाचा भरवसा आपल्या भाषेत आणायचा, तो नेमकं काय मागत होता आणि काय मागत नव्हता, हे ठरवल्याशिवाय साधं क्रियापदही निवडता येत नाही.

आधी कवितेचा जन्म. १८३२च्या डिसेंबरात न्यूमन आपला मित्र हरेल फ्रूड आणि त्याचे वडील यांच्याबरोबर भूमध्य समुद्राच्या प्रवासाला निघाला. रोमहून फ्रूड पितापुत्र घरी परतले. न्यूमनला मात्र सिसिली पुन्हा बघायची होती. मित्रांचं न ऐकता तो एका नोकराला घेऊन एकटाच गेला आणि मे महिन्यात, बेटाच्या मधोमध, तापाने आडवा झाला. कास्त्रोजोव्हान्नी, म्हणजे आजचं एन्ना, इथे तो अंथरुणावर पडून होता. हा जातो असं वाटून नोकराने शेवटचे निरोप विचारले. न्यूमनने ते दिले आणि वर, आपण मरणार नाही, असंही सांगितलं. बरा झाल्यावर पालेर्मोत जहाजाची वाट बघण्यात तीन आठवडे गेले. अखेर संत्री घेऊन मार्सेयला निघालेल्या एका गलबतावर जागा मिळाली. कॉर्सिका आणि सार्डिनिया यांच्यामधल्या बोनिफासियोच्या सामुद्रधुनीत वारा पडला आणि गलबत आठवडाभर जागच्या जागी डुलत राहिलं. कवितेखाली तारीख आहे १६ जून १८३३.

गंमत अशी की समुद्रावर लिहिलेल्या या कवितेत समुद्र नाही. माळ आहे, दलदल आहे, कडा आहे, ओढ्याचा लोंढा आहे. म्हणजे पायी चालणाऱ्याला आडवं येणारं सगळं आहे. वाऱ्याअभावी अडकून पडलेला माणूस चालण्याची कविता लिहितो आहे. पाऊल, पाय, वाट हे तिचे शब्द. गलबतावरचा उतारू स्वतः काहीच करू शकत नाही. चालणाऱ्याला मात्र प्रत्येक पाऊल स्वतःच टाकावं लागतं. न्यूमनने हे दुसरं चित्र निवडलं. यावर पुढे बरंच अवलंबून आहे.

तेव्हा तो बत्तीस वर्षांचा अँग्लिकन धर्मगुरू होता, ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजचा फेलो. कॅथलिक व्हायला अजून बारा वर्षं होती. तेव्हा काटेकोरपणे बोलायचं तर ही कॅथलिक कविता नव्हे. पण १८६८ साली, रोमच्या चर्चमध्ये येऊन तेवीस वर्षं झाल्यावर निघालेल्या त्याच्या संग्रहात ती 'द पिलर ऑफ द क्लाउड', म्हणजे मेघस्तंभ, या शीर्षकाने छापलेली आहे. बायबलमध्ये इजिप्तहून निघालेल्या इस्राएल लोकांपुढे दिवसा ढगाचा आणि रात्री अग्नीचा खांब चालतो. खांब थांबला की मुक्काम, हलला की तंबू उचलायचे. मुक्काम दोन दिवसांचा की वर्षाचा, ते कोणालाच आधी कळत नाही. हे शीर्षक कवितेहून कडक आहे, आणि गाणाऱ्यांनी ते कधी वापरलं नाही यात नवल नाही.

माझ्या मते कवितेचा जीव दुसऱ्या कडव्यात आहे. पहिलं सगळ्यांना पाठ असतं. एका पावलापुरतं दिसलं तरी पुरे, हा तिथला विचार गांधीजींनी इतक्यांदा सांगितला की तो त्यांचाच वाटावा. दुसऱ्या कडव्यात बोलणारा आपला जुना स्वभाव पुढे ठेवतो: वाट आपणच ठरवायची हौस, झगमगाटाचं वेड, आतून घाबरलेला असतानाही न सुटणारा ताठा. न्यूमनने सिसिलीतल्या आजारपणाविषयी पुढे एक टिपण लिहिलं. तिथे परत जाण्यातला आपला हट्ट त्याने त्यात तपासला आहे. तो डोळ्यांपुढे ठेवला की हे कडवं सर्वसाधारण पश्चात्ताप राहत नाही. नकाशा हातात असल्याशिवाय न हलणाऱ्या माणसाने नकाशा खाली ठेवला, एवढीच आणि एवढी मोठी गोष्ट तिथे घडते. मग पहिल्या कडव्यातलं एक पाऊल हे अल्पसंतुष्टाचं एक पाऊल उरत नाही. दूरचं बघायची ज्याला सवय आहे त्यालाच दूरचं न मागणं जड जातं.

तिसरं कडवं मला त्या मानाने सैल वाटतं. तिथे तो म्हणतो की इथवर आणलंस तर पुढेही नेशील. मग रात्र सरते, पहाट होते आणि पूर्वी प्रिय असलेले, काही काळ हरवलेले देवदूतांचे चेहरे हसतात. हे चेहरे कोणाचे? मेलेल्या आप्तांचे, बालपणीच्या निरागस श्रद्धेचे, की आजारात दिसलेल्या कसल्या भासाचे? १८७९ साली एका डॉक्टरांनी पत्राने हेच विचारलं. न्यूमनने उत्तर दिलं ते असं की जवळपास पन्नास वर्षांनी आपल्याला काय म्हणायचं होतं हे आठवण्याचं बंधन कवीवर नसतं. समीक्षेच्या वर्गात हे पत्र दरवर्षी वाचून दाखवायला हवं.

या कवितेला जॉन बॅकस डाइक्सने १८६५ साली चाल लावली आणि ती घरोघरी गेली. लोकप्रियतेचं श्रेय न्यूमनही त्या चालीलाच देत असे. पण गायला लागल्यावर लोकांना तीन कडवी अपुरी वाटू लागली. एडवर्ड बिकरस्टेथ या अँग्लिकन धर्मगुरूने, जो पुढे बिशप झाला, आपल्या स्तोत्रसंग्रहात छापताना पदरचं चौथं कडवं जोडलं. न्यूमनला ते रुचलं नाही. त्या कडव्यात काय आहे ते बघण्यासारखं आहे. तारणारा आहे, देव आहे, घर आहे, कायमचा विसावा आहे, आणि लेकराच्या भाबडेपणाने घरी नेण्याची विनंती आहे. मूळ तीन कडव्यांत जे जे नव्हतं ते सगळं नेमकं चौथ्यात भरलेलं आहे. बिकरस्टेथ वाईट कवी होता असं मी म्हणणार नाही. तो चांगला वाचक होता. जिथे जिथे धाप लागते त्या सगळ्या जागा त्याला बरोबर सापडल्या. आणि तिथे त्याने पाट मांडून ठेवले.

गुजरातीत ही कविता नरसिंहराव दिवेटिया (१८५९–१९३७) यांनी आणली. 'प्रेमळ ज्योति' गुजरातभर सगळ्यांना येतं. आमच्या शाळेत सकाळच्या प्रार्थनेत ते होतं, आणि मुळात ते एका इंग्रज पाद्र्याचं आहे हे आम्हाला कोणी सांगितलेलं नव्हतं. भाषांतराला याहून मोठी पावती कोणती? पण आता न्यूमन शेजारी ठेवून वाचते तेव्हा नरसिंहरावांचे काही शब्द थांबवतात. मूळात बोलणारा घरापासून दूर आहे. गलबतावरच्या माणसाला ते घर इंग्लंडही असू शकतं. गुजरातीत ते 'निज धाम' होतं. मराठी वाचकाला तर निजधाम म्हटल्यावर परतीचा प्रवासच आठवतो, कारण आपल्याकडे माणूस निजधामाला जातो तो कायमचाच. पुढे नरसिंहराव सांभाळ करण्याची विनंती घालतात, आणि ती कोणाचा सांभाळ? 'शिशु'चा. दुसऱ्या कडव्यातला गर्विष्ठसुद्धा मूढ 'बाळ' होतो आणि अखेरीस 'आधार' मागतो. न्यूमनने आधार मागितलेला नाही. त्याने ने म्हटलं आहे. आधार मिळाला की माणूस थांबून टेकू शकतो. नेणारा थांबू देत नाही.

इथे एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. इंग्लंडमधला बिशप आणि गुजरातमधला कवी, दोघांनीही न्यूमनमध्ये न सापडणारं लेकरूच आत आणलं. भरवसा सुसह्य करायचा असला की भरवसा ठेवणाऱ्याला लहान करावं लागतं, असं काहीतरी त्यामागे असणार. नरसिंहरावांना दोष द्यावा असं मात्र नाही. आपल्या भक्तिपरंपरेत माउली आणि लेकरू ही देवाशी बोलण्याची रुळलेली भाषा आहे. तिच्यात बिकरस्टेथचा गुळचटपणा नाही. आणि नरसिंहरावांनी एका जागी मूळावर ताण केली आहे. दूरची वाट बघायची इच्छा नाही, हे सांगताना त्यांनी 'लोभ' हा शब्द वापरला. पुढचं दिसावं असं वाटणं हा लोभ आहे! न्यूमनला जे सांगायला अख्खं दुसरं कडवं लागलं ते एका शब्दात पहिल्याच कडव्यात येऊन बसलं. हा शब्द मी मराठीत जसाच्या तसा उचलणार आहे.

मराठीचं काय? 'प्रकाश' हा शब्द मला नको होता. प्रकाश ज्ञानाचा असतो, ग्रंथांच्या नावात असतो. ज्याच्यात पाय कुठे टाकायचा ते दिसतं तो उजेड. (त्यालाही आपण सोडलेलं नाही, 'काय उजेड पाडलास?' हे प्रत्येक मराठी मुलाने ऐकलेलं असतं.) या उजेडाचं विशेषण अधिक अवघड. 'प्रेमळ' मराठीत मावशीला लागतं. 'कृपाळू' म्हटलं की लगेच देव येतो, आणि देव तर कवितेत नाही. दुसऱ्या कडव्यातल्या भगभगीत दिवसाच्या विरुद्ध हा उजेड आहे हे लक्षात घेतलं तर डोळ्यांना न खुपणारा, समईचा असतो तसा, 'सौम्य' उजेड हवा. पण सौम्य उजेडाला कोणी 'तू' म्हणेल का? 'कनवाळू' शब्दात जीव आहे. सध्या तो ठेवला आहे, आणि पहाटेचा असा काही उजेड असतो खरा.

मोठी अडचण कवितेबाहेर, गद्यात येते: 'ट्रस्ट' आणि 'फेथ' या दोन शब्दांना मराठीत काय म्हणायचं? प्रोटेस्टंट मराठी बायबलने 'विश्वास' रुळवला. 'श्रद्धा' आहेच; पण तिच्यामागे 'अंध' लावून किंवा न लावून चाललेले शंभर-सव्वाशे वर्षांचे वाद आपसूक येतात. गोव्याच्या कोकणीत कॅथलिक लोक श्रद्धेला 'भावार्थ' म्हणतात. आपल्याकडे मात्र भावार्थ कवितेखाली पाच गुणांना विचारतात. एकनाथांच्या काळी हा शब्द दोन्हीकडे पाय ठेवून होता. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्याला आला, इथली भाषा शिकला आणि त्याचं ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला छापलं गेलं, तेव्हा त्याला असे शब्द तयार मिळाले. न्यूमनच्या अडीचशे वर्षं आधी एका इंग्रजाने कॅथलिक श्रद्धा मराठीत सांगून ठेवली होती, आणि मी बडोद्यात बसून शब्दकोश चाळते आहे.

मी 'भरवसा' घेतला. कारण जरा विचित्र आहे. आपण हा शब्द बहुतेक वेळा नकारातच वापरतो: पावसाचा भरवसा नाही, बसचा भरवसा नाही, त्या माणसाचा काही भरवसा नाही. म्हणजे शंका या शब्दाच्या घरातच राहते. 'देवावर हवाला' मी मुद्दाम टाळला. हवाला टाकला, भार घातला, की आपले हात मोकळे झाले असा एक सूर त्यात लागतो. न्यूमनचा माणूस भार उतरवत नाही. तो अंधारात भारासकट चालतो.

हे सगळं कवितेत सोपं होतं, कारण तेव्हा न्यूमनचं फार काही गेलेलं नव्हतं. ताप आला, ताप गेला, तो घरी पोचला, आणि ऑक्सफर्ड चळवळीचा पुढारी झाला. खरी किंमत १८४५मध्ये द्यावी लागली. ३ ऑक्टोबरला ओरिएलची फेलोशिप सोडली. ९ ऑक्टोबरला लिटलमोर या खेड्यात डॉमिनिक बारबेरी या इटालियन धर्मगुरूने त्याला कॅथलिक चर्चमध्ये घेतलं. तेव्हा तो चव्वेचाळीस वर्षांचा होता. (मीही साधारण त्याच वयाची आहे, या वयात बँकेची शाखा बदलायची म्हटलं तरी जिवावर येतं.) हॅरिएट ही त्याची बहीण आधीच दुरावली होती, ती १८५२ साली वारली, तोवर समेट झाला नाही. जॉन केबल आणि एडवर्ड प्यूसी, ज्यांच्याबरोबर त्याने तारुण्य घालवलं, ते मागे राहिले. १८४६च्या फेब्रुवारीत लिटलमोर सोडताना त्याने खोलीतल्या पलंगाचं आणि शेकोटीच्या कट्ट्याचं चुंबन घेतलं, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. नंतर 'लॉस अँड गेन' या कादंबरीत त्याचा नायक ऑक्सफर्ड सोडताना विलोच्या झाडांना मिठी मारतो. धर्मांतराच्या कथांत आपल्याला सहसा मुक्कामी पोचल्याचा आनंद सांगितला जातो. तो न्यूमनलाही झाला. वादळी समुद्रातून बंदरात आल्यासारखं वाटलं, असं त्याने पुढे नमूद केलं. पण पलंगाचं चुंबन घेणारा माणूस आणि बंदरात पोचलेला माणूस एकच आहे, हे विसरलं की त्याचं लेखन चौथ्या कडव्यासारखं वाचलं जातं.

त्याची जी प्रार्थना मला कवितेपेक्षा मोठी वाटते ती ७ मार्च १८४८ची आहे. तो नुकताच रोमहून धर्मगुरू होऊन परतला होता आणि बर्मिंगहॅमजवळ ऑरेटरी स्थापून महिनाच झाला होता. प्रार्थना त्याच्या मृत्यूनंतर, १८९३ साली प्रसिद्ध झाली. देवाने आपल्याला एका ठरावीक कामासाठी निर्माण केलं आहे, असं ती सांगते, आणि ते काम कोणतं हे या जन्मी कळेलच असं नाही, असंही लगेच सांगते. आपण साखळीतली एक कडी. आजारी असलो तर आजारपण उपयोगी पडेल, गोंधळलेलो असलो तर गोंधळ. मग एक यादी येते: मित्र जातील, परक्यांत पडावं लागेल, मन खचेल, पुढचं दिसेनासं होईल. आणि तरी, ज्याने हे काम हाती घेतलं आहे त्याला ते कळतं. संपली.

कवितेत उजेड मागितला होता. इथे तोही मागितलेला नाही. एक पाऊलसुद्धा दिसलं पाहिजे अशी अट नाही. कवितेतला 'तू' जाऊन इथे, यादीच्या वेळी, 'तो' आला आहे. मराठी भक्ताला हे खटकेल, कारण आपण देवाला अरे-तुरे करून भांडतो, तिसऱ्या पुरुषात ठेवत नाही. पण ज्याच्याकडून उत्तर येत नाही त्याच्याविषयी तिसऱ्या पुरुषात बोलणं आणि तरीही बोलणं न थांबवणं, हा भरवशाचा अधिक कोरडा आणि अधिक प्रौढ प्रकार आहे असं मला वाटतं. या प्रार्थनेत लेकरू कुठेच नाही. ज्याला काम सोपवलं आहे असा एक मोठा माणूस आहे.

इथे मराठीने दोन सापळे लावून ठेवले आहेत. एक 'देव जाणे'. इंग्रजीतलं 'त्याला ठाऊक आहे' सरळ मराठीत आणावं तर हात त्या शब्दांपाशी जातो, आणि मराठीत 'देव जाणे' याचा अर्थ 'कोणालाच माहीत नाही आणि मला विचारू नका' असा होतो. दुसरा सापळा यादीतल्या क्रियापदांचा. इंग्रजीत ती 'मे' या साहाय्यक क्रियापदाने सुरू होतात. त्यात शक्यता आहे आणि मुभाही आहे: तो मित्र नेण्याचा संभव आहे, आणि न्यायला माझी हरकत नाही. वसईच्या माझ्या एका मैत्रिणीपुढे मी पर्याय ठेवले. ती कॅथलिक आहे, मराठीत प्रार्थना करते, आणि तिचा नवरा सेहेचाळिसाव्या वर्षी गेला. 'नेऊ शकेल' वाचून ती म्हणाली, ही वीजमंडळाची नोटीस आहे. 'नेवो' तिने नुसत्या नजरेने खोडलं. 'नेईल' म्हणजे भविष्य झालं. उरलं 'नेईलही'. त्या शेवटच्या 'ही'वर तिने बोट ठेवलं आणि म्हणाली, हे चालेल, हे मला म्हणता येईल.

मग तिने जे सांगितलं त्यामुळे या लेखाला कारण मिळालं. दफनाच्या दिवशी आणि पुढे महिनाभर येणारी माणसं तिला सांगत होती की देवाची इच्छा, त्याची काहीतरी योजना असणार, तू फक्त विश्वास ठेव. माणसं मायेची होती. तरी तिला त्यांच्या तोंडावर दार लावावंसं वाटे. "ते वाक्य खोटं नाही गं," ती म्हणाली, "पण ते मी म्हणायचं. त्यांनी नाही."

न्यूमनची प्रार्थना वाचण्याची किल्ली मला इतकी नेमकी दुसऱ्या कोणी दिलेली नाही. ती यादी प्रथमपुरुषी आहे. माझे मित्र, माझं मन, माझं पुढचं. तिथला 'माझं' काढून 'तुझं' घाला, एक अक्षर बदला, की प्रार्थनेचं पत्रक होतं. आज या प्रार्थनेचे तुकडे कार्डांवर, फुलांच्या चित्रांखाली छापलेले मिळतात. कार्ड कोणीतरी दुसऱ्याला देतं. म्हणजे कार्ड झाल्याबरोबर पुरुष बदलतो. भाषांतरात मला हे रोखता येईल असं नाही, पण प्रत्येक वाक्यात 'माझं' ठसठशीत राहील एवढं करता येतं. मराठी वळणाला तो जास्त वाटला तरी मी तो गाळलेला नाही.

आणि प्रार्थना म्हणणारा पुढे गप्प बसला असंही नाही. कॅथलिक झाल्यावरची पहिली वीस वर्षं न्यूमनच्या आयुष्यातली बहुधा सर्वांत निष्फळ. अकिलीच्या बदनामीच्या खटल्यात दोषी ठरून शंभर पौंड दंड झाला. डब्लिनच्या कॅथलिक विद्यापीठासाठी त्याने खेपा घातल्या, आणि ते मनासारखं उभं राहिलं नाही. एका लेखावरून रोमकडे त्याची तक्रार गेली. १८६३च्या जानेवारीत त्याने खासगी रोजनिशीत लिहिलं, त्याचा मथितार्थ असा: प्रोटेस्टंट होतो तेव्हा धर्म रूक्ष वाटे, आयुष्य नाही, आता आयुष्य रूक्ष आहे, धर्म नाही. भक्तांसाठी काढलेल्या चरित्रांत हे वाक्य हळूच दुसऱ्या अर्ध्यावर जोर देऊन छापलेलं असतं. पहिल्यांदा वाचताना मला पूर्वार्धाचाच धक्का बसला. काहीही सावरलं नाही, हे तो कबूल करतो आहे, आणि तरी बाजू बदलत नाही. आपल्याकडच्या संतांनी विठ्ठलाशी जी भांडणं काढली त्यांना आपण भक्तीच म्हणतो. न्यूमनच्या तक्रारीला भरवशातली उणीव का म्हणावं?

पुढच्याच वर्षी चार्ल्स किंग्जलीच्या आरोपाला उत्तर म्हणून त्याने 'अपोलोजिया' लिहिलं आणि इंग्लंडने त्याला पुन्हा वाचलं. १८७९ साली तो कार्डिनल झाला, आणि १३ ऑक्टोबर २०१९ रोजी, केरळच्या मरियम थ्रेसिया यांच्याबरोबर, त्याला संतपद मिळालं. ही हकिगत अशी सांगितली की सगळं कसं छान जुळून आलं असं वाटतं. ते चौथं कडवं आहे. त्याऐवजी मी प्रस्तावनेत १८६५च्या सप्टेंबरातली एक भेट घेतली आहे.

हर्स्ली या गावी केबलच्या घरी न्यूमन पोचला. दारात एक म्हातारा उभा होता. त्याने न्यूमनला ओळखलं नाही. न्यूमननेही त्याला ओळखलं नाही. तो केबलच होता. वीस वर्षांपूर्वी तो न्यूमनचा सर्वांत जवळच्या माणसांपैकी एक होता. योगायोगाने त्या दिवशी प्यूसीही घरात होता. तिघे एका टेबलाशी जेवले. कधीकाळी एका कामाला जुंपून घेतलेली तीन माणसं, आता म्हातारी, समोरासमोर बसली होती आणि सामायिक असं काम उरलेलं नव्हतं, मोकळं बोलणंही जमत नव्हतं, असं न्यूमनने पत्रात लिहिलं. पुढच्या मार्चमध्ये केबल वारला.